स्वेटर आणि नेकटाय

मुंबईकरानें थंडीच्या गोष्टी सांगणें म्हणजे मारवाडांतल्या माणसानें पोहण्याच्या गोष्टी सांगणें, असें माझे एक पुणेकर स्नेही म्हणतात. सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्यें पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, हें मीं त्यांना अनेकदां ऐकवलें आहे. पण त्या एका पहांटेच्या बळावर किती वर्षें स्वेटर घालणार, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यांनीं जानेवारींत भल्या सकाळीं बोरिवलीहून होडीनें गोराईची खाडी ओलांडून पाहावी. तिवरांवरून येणारा वारा कानांत शिरतो, आणि स्कूटरींच्या गर्दींत अंग चोरून उभे असलेले उतारू मुकाट्यानें मफलर सावरूं लागतात.

यंदां अशाच एका सकाळीं एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मी गोराईला गेलों. तेथील चर्च बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या नांवाचें आहे. त्यामुळें जानेवारीच्या आरंभीं येणारा त्यांचा सण गांवाला आपल्या घरचाच वाटतो. वस्ती मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची. हें नांव समाजानें १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं घेतलें. पण त्याच्या कितीतरी आधीं, १५३४ मध्यें वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेल्यापासून, येथल्या पोशाखांत युरोप शिरला होता. घरांतली मराठी मात्र गेली नाहीं, आणि म्हाताऱ्या बायकांचें लुगडेंही नाहीं.

विद्यार्थ्याचे आजोबा ओट्यावर बसले होते. पांढरा सदरा, तांबडा टाय आणि त्यावर राखी रंगाचा, हातानें विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. वेषभूषेबाबत मी थोडा चिकित्सक आहें. पण त्यांत खोड काढण्यासारखें मला कांहीं सांपडेना. लोकर जाड असते, म्हणून टायची गाठ लहान हवी, ती होती. गोल गळ्याखालीं टाय घुसमटतो, त्याला पुढें निमुळता होत जाणारा गळा लागतो, तोही होता. टायचें टोंक स्वेटरच्या खालच्या कडेबाहेर डोकावत नव्हतें. आंत कडक इस्त्रीची कॉलर, बाहेर मऊ लोकर, आणि दोहोंच्या मध्यें तांबडी रेघ!

पाहतां पाहतां मला वाटलें कीं, हा वेष येथें मुळींच परका नाहीं. नेकटायचें मूळ सतराव्या शतकांतल्या क्रोएशियन शिपायांच्या गळपट्ट्यांत आहे. जर्सी हें एका बेटाचें नांव. तेथल्या कोळ्यांच्या अंगांत लोकरीचे विणलेले सदरे असत. पुढें १९२२ मध्यें इंग्लंडच्या युवराजानें फेअर आयल बेटावरचा नक्षीदार स्वेटर गोल्फच्या मैदानावर मिरवला, आणि दर्यावर्दींचें तें कामाचें वस्त्र टायच्या पंगतीला बसलें. मग गोराईच्या ओट्यावर त्या दोघांची भेट झाली, तर नवल तें काय?

"सणाच्या दिवशीं कोट नाहीं घातला?" मीं सहज विचारलें.

"कोटाखालीं तिचें काम झांकलें असतें," आजोबा म्हणाले. आजी तीन वर्षांपूर्वीं वारल्या होत्या.

मी गप्प झालों. १९९६ सालीं पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाण्यापूर्वीं आईनें आपली जुनी शाल उसवून माझ्यासाठीं असाच एक स्वेटर विणला होता. त्याचा गळा किंचित् वांकडा झाला होता. विलायती पद्धतीच्या टायशेजारीं ती घरगुती विणकाम मला लाजिरवाणी वाटली. आईसमोर मीं तो घातला खरा; पण जिना उतरतांच वरून कोट चढवला आणि सगळीं बटणें लावलीं. आगगाडीच्या गर्दींत घामानें न्हालों, तरी एकही काढलें नाहीं. संध्याकाळीं आईनें विचारलें, "कोणी कांहीं म्हणालें का रे स्वेटरला?" मीं म्हटलें, "सगळ्यांना आवडला." तिनें तें खरें मानलें. आतां ती नाहीं; खरें सांगायची वेळ निघून गेली.

त्या रात्रीं ट्रंकेच्या तळाशीं डांबराच्या गोळ्यांच्या वासांत तो स्वेटर सांपडला. माझी पन्नाशी उलटली आहे आणि पोटाचा घेरही वाढला आहे. कापडी बंडी असती, तर शिवणींतच उसवली असती. पण विणकामांत एका टांक्यांत दुसरा गुंतलेला असतो. ओढ बसली कीं सारे मिळून थोडे थोडे सैल होतात. स्वेटर ताणला, पण अंगांत आला.

दुसऱ्या दिवशीं टाय बांधून, त्यावर तो घालून, कोटाशिवाय मी वर्गावर गेलों. मागल्या बांकावरच्या एका मुलीनें विचारलें, "सर, हा कोणी विणला?"

मीं सांगितलें. अकरा वाजतां फार उकडूं लागलें. पण तो मीं काढला नाहीं.