मामांची पट्टी

1996 च्या मे महिन्यात आम्ही भावंडं बेळगावहून मामांकडे फोंड्याला गेलो होतो. मामांचं सायकलचं दुकान. तिथल्या भंगारात मोटारसायकलचा शॉकअप दिसला आणि तो माझ्या सायकलला बसवायचं वेडच लागलं. हब मात्र सायकलचाच, ड्रम ब्रेकवाला. गोव्याच्या पावसात रिमवरचे रबर घसरतात, ड्रम आतून कोरडा राहतो, एवढं ज्ञान मला होतं.

हबचा अॅक्सल बारीक, शॉकअपची भोकं मोठी. लेथवाल्याकडून बुश करून घेतले, वॉशर घालून चाक मधोमध आणलं. मामांनी पाहिलं आणि म्हणाले, "ब्याडप्पा, इदु निल्लूदिल्ल." थांबणार नाही म्हणे! सायकलवाल्याला मोटारसायकलचं काय कळतं, असं मला वाटलं.

मामा जेवायला गेले तसं धाकट्या बहिणीला मागे बसवून मी फर्मागुडीचा उतार धरला. ब्रेक दाबला मात्र, केबल तुटली. लायनर ड्रमला धरतात तेव्हा हबची थाळीही चाकाबरोबर फिरू पाहते. म्हणून तिचा लांब हात चिमट्याला क्लिपने आवळतात. शॉकअपवरचा अडसर मोटारसायकलच्या थाळीसाठी. माझ्या थाळीचा हात मोकळाच होता.

बहिणीच्या कोपराला चार टाके पडले. मामा रागावले नाहीत. संध्याकाळी लोखंडी पट्टी वाकवून त्यांनी तो हात शॉकअपच्या नळीला बांधला, वर बजावलं, "तरी डबलसीट उतारावर नको, हा ड्रम एवढ्या वजनाचा नाही." आईला फोनवर सांगितलं, "अक्का, चूक माझी, ब्रेक मीच तपासला नाही."

आईला खरं सांगितलं ते मामा गेल्यावर.