सर्व्हर डाऊन नव्हता, बापू

प्रिय बापू,

रागावू नकोस. परवा तुझ्या सेवा केंद्रात बसून जे पाहिलं ते फोनवर बोलता येत नाही. फोनवर तू नुसतं "हाव ताई, हाव ताई" करतोस आणि विषय आईच्या गुडघ्यावर नेऊन ठेवतोस. म्हणून लिहिते.

३१ जुलै तोंडावर आलेली, पीकविम्याची गर्दी, पायरीपर्यंत चपला. कौंडण्यपूरकडचे ते काका सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सकाळपासून बसले होते. त्यांचा अर्ज निम्म्यावर आला, सोयाबीन-तुरीचं क्षेत्र भरून झालं, आणि तुझ्या स्क्रीनवरून ब्राऊझरची अख्खी खिडकीच गायब. तू मान वर न करता म्हणालास, "सर्व्हर डाऊन आहे काका, उद्या या." ते म्हणाले, "सर्वर कवा येईन बाप्पा?" सगळे हसले. तूही हसलास. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, अर्ज झाला, सगळं खरं. पण ऐन डवरणीतला त्यांचा दिवस गेला ना रे?

आणि सर्व्हर डाऊन नव्हताच. तेच पान माझ्या मोबाइलवर, माझ्या नेटवर, नीट उघडलेलं होतं. सर्व्हर बसला की पान गोल गोल फिरत राहतं, नाहीतर ५०२, ५०३ असला आकडा दाखवतं. ब्राऊझर मात्र जागेवर असतो. ब्राऊझरच जमिनीवर आला, तर आधी आपलं मशीन तपासायचं. तिवशात काय, अमरावतीत काय, सगळ्या केंद्रांवर हे "सर्व्हर डाऊन" इतकं सोयीचं झालंय की खरंच डाऊन असेल तेव्हा कोण विश्वास ठेवणार?

विहिरीवरची मोटर आठवते? बंद पडली की तू लगेच ती वर काढायला दोर शोधायचास. बाबा बांधावरूनच ओरडायचे, "आधी लाइन हाय का पाय! मंग फ्यूज पाय! मंग मोटरले हात लाव!" एका वेळी एकच गोष्ट, आणि दरवेळी बटण दाबून बघायचं. ब्राऊझर पडला की आजही तू तेच करतोस, एकदम मोटर वर. काढून टाकतोस, पुन्हा डाउनलोड करतोस, त्याच खात्याने साइन-इन करतोस, आणि सिंक चालू असल्यामुळे जुनी सगळी एक्स्टेंशन्स मागच्या दाराने परत हजर. मग म्हणतोस, "नवीन टाकूनही तेच होते, ताई."

रात्री शटर अर्धं ओढून आपण बसलो तेव्हा काय केलं? फार काही नाही. इन्कॉग्निटो खिडकीत तेच पोर्टल उघडलं. तिथे आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेंशन्स चालत नाहीत. ब्राऊझर पडला नाही. तू म्हणालास, योगायोग. मग नेहमीच्या खिडकीत येऊन एकेक एक्स्टेंशन बंद करत गेलो. फोटोचे केबी कमी करणारं, पीडीएफ जोडणारं, आणि एक कशाचं होतं ते तुलाही सांगता येईना. तेच निघालं. चालू केलं की पडतो, बंद केलं की चालतो, दोनदा पाहिलं तेव्हा कुठे तुझा चेहरा उतरला.

बाकीचंही लक्षात ठेव. एकच टॅब मेला आणि बाकीचे जिवंत राहिले, तर बहुतेक त्या पानाचं किंवा मेमरीचं दुखणं. क्रोम २००८ मध्ये आला तोच टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची रचना घेऊन, म्हणजे एक पडला तरी सगळे पडू नयेत. ती सोय रॅम खाते, आणि तुझ्याकडे रॅम चार जीबी, टॅब मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाब, कोणता टॅब किती खातोय ते दिसतं. कॅशे साफ करायला तू घाबरतोस, पासवर्ड जातील म्हणून. नाही जात. 'कॅशे केलेल्या प्रतिमा आणि फायली' एवढ्यावरच खूण ठेव, पासवर्डच्या खुणेला हात लावू नकोस.

मागच्या टेबलावरच्या विंडोज ७ साठी मात्र मी तुला बोलणार नाही. क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आली आणि ते मशीन मागे राहिलं. चालतं-बोलतं मशीन असं निकालात काढतात याचा मलाही राग येतो. त्यावर प्रिंट काढ, पण बँकेचं आणि ओटीपीचं काम नको.

माझं एमएस-सीआयटी चालू असताना तू मला सायकलवर डबलसीट क्लासला सोडायचास आणि बाहेर उभा राहून खिडकीतून सगळं शिकायचास. फी माझी, शिक्षण दोघांचं. लाडकी बहीण योजनेच्या वेळी, २०२४ च्या पावसाळ्यात, रात्री उशिरापर्यंत बायांचे फॉर्म भरलेस, विधवांकडून तर प्रिंटचेही पैसे घेतले नाहीस. हे मला तुझ्या तोंडून नाही, मोझरीच्या बाजारात कळलं. असा माणूस तू, म्हणून तर "उद्या या" टोचतं. मशीन बिघडलंय म्हणून सांगायला लाज कसली?

सी ड्राइव्ह लाल झालाय तोही लोकांच्या स्कॅननीच: सातबारे, पासबुकं, आधार. जागेचं सोड, कोणाचं आधार असं डेस्कटॉपवर उघडं ठेवतात का रे? काम झालं की त्यांच्यासमोर पुसायचं.

राखीला येताना रॅम घेऊन येते. ओवाळणीत पैसे टाकू नकोस, त्याआधी ते सगळे आधार पुसून ठेव. आणि तुझ्या मशीनला डीडीआर३ लागते की डीडीआर४, तेवढं पाहून कळव.

तुझी,
ताई