नाव बुडू नये म्हणून

चित्रपटगृहातील दिवे मालवले जातात, पडदा क्षणभर काळोखात राहतो आणि मग त्यावर नावे उमटू लागतात. पुष्कळ प्रेक्षक त्या वेळी आपली खुर्ची शोधत असतात, कुणी शेजाऱ्याशी बोलत असते, कुणी शेंगदाण्यांची पुडी सोडत असते. ही नावे वाचण्यासाठी असतात, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. तरीही चित्रपट करणारी मंडळी त्या एक-दोन मिनिटांसाठी दिवसच्या दिवस खर्ची घालतात. घरात शिरण्यापूर्वी जसा उंबरठा, तशी चित्रपटापूर्वीची ही श्रेयनामावली. उंबरठा ओलांडला की बाहेरचे जग मागे पडते. भयपटाच्या बाबतीत तर या उंबरठ्याचे महत्त्व अधिकच. कारण भिण्यासाठीही मनाची आधी तयारी व्हावी लागते.

या उंबरठ्याला परंपरा आहे. ‘प्रभात’च्या चित्रपटांच्या आरंभी तुतारी फुंकणारी स्त्री दिसे आणि प्रेक्षक सावरून बसत. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) या चित्रपटाची नावे खडबडीत कागदावर हाताने लिहिलेली आहेत. खेड्यातल्या त्या घराचे दारिद्र्य आणि त्यातली माया कथा सुरू होण्यापूर्वीच त्या कागदातून जाणवते. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ (१९६०) साठी सॉल बास यांनी आडव्या आणि उभ्या पट्ट्या पडद्यावरून सरकवल्या आणि अक्षरे मधोमध चिरली. जोडीला बर्नार्ड हरमन यांचे केवळ तंतुवाद्यांवर रचलेले संगीत. पडद्यावर ना रक्त, ना भूत. तरी पाहणारा अस्वस्थ होतो. थोडक्या साधनांत मोठे काम कसे होते, याचा हा नमुना होय.

चित्रपटकला शिकणारे चार विद्यार्थी असाच एक उंबरठा बांधण्यासाठी पुण्याहून काशीला आले आहेत, अशी कल्पना करावी. त्यांच्या छोट्या भयपटाची कथा साधी आहे. गंगेच्या काठी एक जुने मराठी घर आहे. पावसाळ्यात नदी चढू लागते. पाणी एकेक पायरी वर येते आणि घरातले एकेक माणूस नाहीसे होते. कथेसाठी त्यांनी निवडलेली जागा म्हणजे अमृतराव घाट.

या घाटाला स्वतःची कथा आहे. अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र आणि दुसऱ्या बाजीरावांचे थोरले बंधू. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले, बाजीराव वसईला निघून गेले आणि पुण्याचा कारभार काही काळ अमृतरावांच्या हाती आला. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी बाजीरावांना परत गादीवर बसवले. अमृतरावांना सालीना ७ लाख रुपयांचा तनखा ठरला. पुण्याचा संबंध सुटला आणि चित्रकूटजवळची कर्वी व काशी हेच त्यांचे मुलूख झाले. १८२४ मध्ये त्यांचे निधन झाले. नारद घाटाच्या शेजारी त्यांनी बांधून काढलेला दगडी घाट आज मात्र ‘राजा घाट’ म्हणूनच अधिक ओळखला जातो. राजा हा शब्द उरला. कोणता राजा, हे सांगणारे नाव मागे पडले. ज्या शिल्पकारांनी आणि पाथरवटांनी हे दगड घडवले, त्यांची नावे तर कुणाच्या तोंडी नाहीत. विद्यार्थ्यांनी ही माहिती वहीत टिपून ठेवली आणि ते कामाला लागले.

नामावलीचा पहिला मसुदा त्यांनी दोन दिवसांत केला. त्यात भयपटाला लागते असे वाटणारे सारे काही होते. कडाडणारी वीज, किंचाळी, रक्त ओघळणारी लाल अक्षरे आणि सर्वांच्या मागे धडधडणाऱ्या चिता. रात्री धर्मशाळेच्या खोलीत तो चार जणांनी पाहिला आणि दुसऱ्याच मिनिटाला एकाला हसू फुटले. भीतीच्या जागी हसू येणे हा भयपटाचा सर्वांत मोठा पराभव. जे भयंकर ते सगळे एकदम दाखवल्यावर प्रेक्षकाच्या मनाला करण्यासारखे काही उरत नाही. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या कथा रात्री वाचणाऱ्याला हे ठाऊक असते. दार वाजते आणि दाराबाहेर काय आहे हे कळत नाही, तोवरच अंगावर काटा असतो.

चितांच्या दृश्यांविषयी मात्र वेगळाच प्रश्न निघाला. गटातील एका विद्यार्थिनीच्या वडिलांना जाऊन वर्षही झाले नव्हते. ती म्हणाली, “त्या चितेभोवती उभी असलेली माणसं आपल्या चित्रपटासाठी तिथे आलेली नाहीत.” कुणी काही बोलले नाही. भारतीय चित्रपटाचा आणि काशीच्या स्मशानाचा संबंध फार जुना आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाची कथा काशीच्या स्मशानात येऊन पोहोचते. परंतु हरिश्चंद्राच्या कथेत स्मशान हे सत्त्वपरीक्षेचे ठिकाण आहे, घाबरवण्याचे साधन नव्हे. परक्याचा शोक उसना घेऊन उभारलेली भीती खरी नाही, एवढे चौघांनाही पटले. चिता गेल्या. त्यांच्यामागून वीज, किंचाळी आणि रक्तही गेले.

दुसरा मसुदा उलट्या टोकाला गेला. होडीतून टिपलेले कळस, छत्र्या, आरतीचे दिवे, कबुतरांचे थवे. सारे सुंदर, पण पाहणाऱ्याला वाटावे की ही पर्यटनाची जाहिरात आहे. तोही बाजूला ठेवला गेला. मग मात्र चौघे जण दिवसभर काही न टिपता घाटावर नुसते बसून राहिले. पाहणे हेही चित्रपटाच्या कामातले एक काम आहे आणि नवख्या माणसाला तेच सर्वांत जड जाते.

त्या दिवशी त्यांना घाट दिसू लागला. काशीचे घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत. सकाळचे ऊन थेट पायऱ्यांवर येते. दुपार कलली की मागच्या उंच इमारतींची सावली पायऱ्यांवर उतरते आणि पलीकडचा तीर उन्हात असतानाच अलीकडे सांजावते. भिंतींवर जुन्या पुरांच्या खुणा असतात. १९७८ साली गंगेने येथे ७३.९०१ मीटरची पातळी गाठली होती. धोक्याची पातळी आहे ७१.२६२ मीटर. माणसाच्या डोक्याच्या वर असलेली पुराची खूण पाहून छातीत जी कालवाकालव होते, ती कोणत्याही किंचाळीने होत नाही. तो पावसाळ्याचा आरंभ होता आणि नदी चढत होती. तेव्हा भय बाहेरून आणण्याची गरजच नव्हती. ते समोर एकेक पायरी वर येत होते.

तिसरा मसुदा येथून जन्मला. एकच चौकट, स्थिर कॅमेरा, समोर पायऱ्या आणि पाणी. चढणारे पाणी डोळ्यांना दिसत नाही इतके सावकाश चढते. म्हणून त्यांनी दर मिनिटाला एक छायाचित्र घेण्याचे ठरवले. २४ तासांत १,४४० छायाचित्रे होतात आणि ती सेकंदाला २४ या वेगाने दाखवली की बरोबर एक मिनिट भरते. पाणी तासाला एक-दोन सेंटीमीटर चढले, तर त्या मिनिटात एक-दोन पायऱ्या बुडतात; एक दिवस मावळतो आणि दुसरा उगवतो. त्या एका मिनिटात नावांच्या १२ पाट्या बसवायच्या, म्हणजे प्रत्येकीला ५ सेकंद. नाव मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचून व्हावे, इतका हा वेळ.

या कामासाठी कॅमेरा दिवस-रात्र एका जागी ठेवावा लागणार होता. काठावरच्या एका घरातील वृद्ध बाईंनी आपल्या दाराचा ओटा दिला. त्यांना होडीतून फिरवणाऱ्या वृद्ध नावाड्याने रात्री राखण करण्याचे कबूल केले. विद्यार्थी त्याला चाचा म्हणत. पाणी सकाळपर्यंत कुठवर येईल, असे त्यांनी त्याला विचारले, तेव्हा त्याने प्रवाहाकडे थोडा वेळ पाहिले, एका पायरीवर खडूने रेघ ओढली आणि म्हणाला, “इथवर.” सकाळी पाणी त्या रेघेला टेकले होते.

आता अक्षरांचा प्रश्न उरला. पांढुरक्या पाण्यावर बारीक पांढरी अक्षरे वाचता येईनात. ठळक केली तर ती दुकानाच्या पाटीसारखी दिसू लागली. गटातील एक जण शिक्षणासाठी पैसे मिळवताना पाट्या रंगवण्याचे काम करीत असे. त्याने कागदावर कुंचल्याने एक नाव लिहिले आणि तो थांबला. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात. देवनागरी अक्षरे वरच्या शिरोरेघेला लटकलेली असतात. मग पाण्याची रेषा हीच शिरोरेघ का होऊ नये? अक्षरे पाण्याच्या पृष्ठभागाखाली लोंबतील. मात्रा, वेलांट्या आणि रफार तेवढे पाण्यावर राहतील. पाणी चढेल तसे तेही हळूहळू बुडतील. त्याने तसे करून दाखवले. पाण्यावर उरलेल्या त्या मात्रा बुडणाऱ्या माणसाच्या बोटांसारख्या दिसत होत्या. खोलीत या वेळी कुणी हसले नाही.

ध्वनीच्या बाबतीतही वजाबाकीच उपयोगी पडली. आधी घातलेले संगीत त्यांनी काढून टाकले. व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ (१९३७) मध्ये पार्श्वसंगीत टाळून नित्याच्या आवाजांवर भर दिला होता, हे त्यांच्या अभ्यासात आले होते. पायरीला लागणारे पाणी, खुंटाला घासणारा दोर आणि दुरून येणारी एक घंटा, एवढेच त्यांनी ठेवले. शेवटच्या १० सेकंदांत घंटा थांबते, मग दोर थांबतो आणि मग पाणीही. त्या शांततेत नाव बुडत राहते.

मसुदा पूर्ण झाला असे चौघांना वाटले. शेवटच्या पाटीवर आभार मानताना त्यांनी चाचाचे नाव घातले होते. ते त्याला मोठ्या कौतुकाने दाखवले गेले. त्याने सगळे शांतपणे पाहिले. अक्षर लावून लावून स्वतःचे नाव वाचले. ते पाण्याखाली विरून गेले, तेव्हा तो म्हणाला, “बाकी सगळं चांगलं आहे. पण माझं नाव बुडवू नका.”

नाव बुडवणे म्हणजे काय, हे समजायला भाषांतराची गरज नव्हती. हिंदीत आणि मराठीत वाक्प्रचार तोच आहे. मराठीत तर होडीलाही नाव म्हणतात. ज्याने आयुष्यभर होडी तरती ठेवली, त्याला बुडालेले नाव पाहून काय वाटले असेल, याचा विचार कुणी केलाच नव्हता. एक जण म्हणाला की कल्पना ही कल्पना असते. एका माणसासाठी साऱ्या रचनेची लय मोडू नये. दुसरा म्हणाला की आपण चौघांनी आपली नावे बुडवायची ती राजीखुशीने. त्याला आपण विचारलेच नव्हते. वाद रात्री उशिरापर्यंत चालला. परके दुःख न विचारता घेऊ नये, असे ठरवूनच चिता वगळल्या होत्या. मग परके नाव न विचारता घ्यावे, हे कसे बसणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटची पाटी बदलली. ओटा देणाऱ्या बाईंचे आणि चाचाचे, अशी दोन नावे त्यांनी पाण्याच्या वर, कोरड्या पायरीवर, खडूने लिहिल्यासारखी ठेवली. खाली एक ओळ आली : ‘स्थळ – अमृतराव घाट (राजा घाट), काशी’. दोन्ही नावे, कुणाचेही न पुसता. अकरा नामपाट्या पाण्यात विरतात, पाणी त्या पायरीपर्यंत येते, तिला टेकते आणि पडदा काळा होतो. एका माणसाचा मान राखण्यासाठी केलेल्या या बदलाने एक अनपेक्षित गोष्ट घडली. जोवर सारीच नावे बुडत होती, तोवर शेवट ठरलेला होता. आता दोन नावे कोरडी उरल्यामुळे पाहणाऱ्याचा जीव त्यांच्यात अडकू लागला. ज्याची काळजी वाटते, त्याच्यासाठीच भीती वाटते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या पायरीने नीट समजावले.

पुढे पाणी आणखी चढले आणि होड्या बंद झाल्या. विद्यार्थी पुण्याला परतले. काही आठवड्यांनी नदी ओसरली असेल, पायऱ्यांवर गाळाचा थर राहिला असेल, चाचाची खडूची रेघ केव्हाच धुऊन गेली असेल. वर्गातल्या पडद्यावर मात्र दिवे मालवले की ती पायरी उजळते. उशिरा आलेले विद्यार्थी खुर्ची शोधत आत शिरतात आणि शेवटचे नाव वाचून होईपर्यंत जागच्या जागी उभे राहतात.