हौसेला मोल नसतं

लिनक्सची ख्याती मोठी भारदस्त आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत २०१७ सालापासून दुसऱ्या कुठल्या प्रणालीचं नावच उरलेलं नाही. मोठमोठे सर्व्हर, खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा, सगळीकडे तोच. त्यामुळे मी घरी लिनक्स वापरते असं म्हटलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. रात्री काळ्या पडद्यावर अक्षरांच्या रांगा सोडत ही बाई काहीतरी गहन करत असणार, असा त्याचा समज होतो. मी त्या वेळी बहुधा पत्ते लावत असते. आइलरायट नावाच्या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये सॉलिटेअरचे ऐंशीहून अधिक प्रकार आहेत. त्यातले बरेचसे आयुष्यात कुणी खेळत असेल असं वाटत नाही. तरी कुणीतरी बसून ते लिहिले, त्यांचे नियम तपासले आणि जगाला देऊन टाकले.

मला या भारदस्त प्रणालीचा लळा लागला तो तिच्या या रिकामटेकड्या बाजूमुळे. आणि ही बाजू मागाहून चिकटलेली नाही, ती थेट घराण्यातून आली आहे. १९६९ साली न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने ‘स्पेस ट्रॅव्हल’ नावाचा खेळ लिहिला होता. सूर्यमालेतून यान हाकायचं आणि एखाद्या ग्रहावर नाहीतर चंद्रावर उतरवायचं, एवढाच खेळ. पण मोठ्या संगणकावर तो खेळायचा तर एका डावाला पंचाहत्तर डॉलरच्या आसपास किमतीचा संगणकवेळ जायचा, आणि एवढं करून यान धड हाकताही यायचं नाही. मग फारसं कुणी हात लावत नसलेलं पीडीपी-७ हे यंत्र सापडलं. त्याचा पडदा चांगला होता. खेळ त्यावर न्यायचा म्हणून थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी खटपट केली, त्या खटपटीत यंत्राच्या खाचाखोचा कळल्या आणि पुढे त्याच यंत्रावर युनिक्स आकाराला आलं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतलं ते युनिक्सच्याच वळणावर. खेळ म्हणजे रिकामपणचा उद्योग असं मानणाऱ्यांनी ही जन्मकथा जरूर ऐकावी.

माझ्याकडे लिनक्स आलं ते टपालाने. त्या काळी मागणी नोंदवली की उबुंटूची सीडी घरपोच यायची. सीडीचे पैसे नाहीत, टपालखर्चही नाही. संगणक चालू झाला की ढोलकासारखा एक आफ्रिकी ठेका वाजायचा आणि तपकिरी रंगाचा पडदा उघडायचा. वर एक पट्टी, खाली एक पट्टी. मी आधी त्या पट्ट्या हलवून पाहिल्या, मग रंग बदलले, मग आयकॉन. पत्रं लिहायला, हिशेब करायला यातल्या कशाचीच गरज नव्हती. पण भाड्याच्या घरातही माणूस आल्या आल्या खिडकीला आपला पडदा लावतो, त्यातलाच हा प्रकार.

त्याच सुमारास कॉम्पिझ नावाचा प्रोग्रॅम आला आणि विंडो डोलू लागल्या. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. विंडोची वरची पट्टी माउसने धरून ओढली की ती मुकाट सरकत नाही. धरलेली कड पुढे येते, उरलेली विंडो मागे रेंगाळते, ताणली जाते, आणि भानावर आल्यासारखी एकदम झेपावते. हात सोडला की तिच्या कडा दोन-तीनदा थरथरतात आणि मग ती निमूट चौकोनी होते. आतला मजकूरही तिच्याबरोबर लवतो. हिशेबाच्या तक्त्यातल्या ताठ रेघा वाकतात, वीजबिलाचा आकडा क्षणभर डुलून घेतो. पडद्यामागे ती विंडो म्हणजे अदृश्य स्प्रिंगांनी एकमेकांना बांधलेले बिंदू असतात, आणि कुठली स्प्रिंग किती ताणली गेली याचं गणित प्रत्येक चित्रासाठी नव्याने मांडलं जातं. या सगळ्याचा उपयोग शून्य. तरी आजही केडीई या डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये एका चौकटीत खूण केली की विंडो डोलतात. इतक्या वर्षांत कितीतरी उपयोगाच्या गोष्टी कालबाह्य म्हणून काढून टाकल्या गेल्या, ही टिकली.

आता केडीईचं नाव निघालंच आहे, तर भाऊबंदकीची गोष्ट सांगायला हवी. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माथियास एट्रिख या विद्यार्थ्याने एक प्रस्ताव मांडला. लिनक्सवर प्रत्येक प्रोग्रॅमचं रूप वेगळं, बटणं वेगळी, वागणं वेगळं, असा गोंधळ त्या वेळी होता. त्याला सगळं एका वळणाचं हवं होतं, तेही तज्ज्ञांसाठी नव्हे तर साध्या माणसासाठी. हा साधा माणूस कोण, तेही त्याने सांगून ठेवलं होतं: ज्याला इंटरनेटवर फिरायचंय, चार पत्रं लिहायचीत आणि छानसे खेळ खेळायचेत. खेळ पहिल्याच दिवशी यादीत होते.

पण केडीई ज्या क्यूटी या साधनावर उभं राहिलं त्याचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता. तत्त्वाला पक्की असलेली मंडळी अस्वस्थ झाली, आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमची वेगळी चूल मांडली. क्यूटीच्या परवान्याचा प्रश्न पुढे सुटला, पण चुली दोन त्या दोनच राहिल्या. २०११ च्या एप्रिलमध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली. लोकांच्या अंगवळणी पडलेली खालची पट्टी गेली, विंडो लहान करायचं बटणही गेलं. असा गदारोळ उठला की खुद्द टोरवाल्ड्स चिडून काही काळ एक्सएफसीई या साध्यासुध्या डेस्कटॉपवर जाऊन राहिले. कुणी जुनं ग्नोम जसंच्या तसं जपण्यासाठी माटे काढलं, लिनक्स मिंटवाल्यांनी सिनॅमन काढलं. बाहेरचा माणूस विचारतो, एका बटणासाठी एवढं? ज्याने रोज उठून शेकडो वेळा एका ठरावीक कोपऱ्याकडे हात नेला आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. आपला हात अंधारातही जिथे आपोआप जातो ती जागा दुसऱ्या कुणी न विचारता हलवली, याचा तो राग असतो. आणि इथे रागावलेल्या माणसाला मूळ संहिता उचलून आपली जागा परत मांडता येते. निदान प्रयत्न करता येतो.

खेळांची वाट याहून खडतर होती. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट बसला की नाही हे पाहायला आम्ही जीएलएक्सगिअर्स चालवायचो. लहानशा काळ्या चौकटीत तीन दातेरी चाकं, एक लाल, एक हिरवं, एक निळं, एकमेकांत दात अडकवून फिरत राहायची आणि दर पाच सेकंदांनी टर्मिनलमध्ये वेगाचा आकडा उमटायचा. आकडा मोठा आला की हर्ष. मग टक्स रेसर उघडायचा. पोटावर घसरत बर्फाच्या उतारावरून सुटलेला पेंग्विन आणि वाटेत टिपायचे मासे. ड्रायव्हर रुसलेला असला की तोच पेंग्विन एकेका चित्रात थबकत, विचार करत उतरायचा, आणि त्याची करुणा येऊन मी पुन्हा पत्त्यांकडे वळायचे.

विकत मिळणारे नावाजलेले खेळ मात्र लिनक्सकडे फिरकत नसत. १९९८ मध्ये लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने ते लिनक्सवर आणून विकायचं धाडस केलं, २००२ च्या सुरुवातीला तिला टाळं लागलं. तिथल्या सॅम लँटिंगाने लिहिलेलं एसडीएल हे साधन मागे उरलं आणि आज असंख्य खेळ त्यावर उभे आहेत. दुसरीकडे १९९३ पासून वाइनचं काम चालू होतं. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम सवयीने विंडोजकडे मागणी करत राहतो, ही फाइल उघड, ही विंडो दाखव, हा आवाज काढ. वाइन मध्ये बसून प्रत्येक मागणी ऐकतं आणि लिनक्सकडून पुरी करून घेतं. अशा मागण्या हजारो, आणि त्यांतल्या कितीतरींचं नेमकं वागणं कुठेही लिहून ठेवलेलं नाही. करून पाहायचं, बिघडलं की पुन्हा करायचं. वाइनची १.० आवृत्ती निघाली २००८ साली, काम सुरू झाल्यावर पंधरा वर्षांनी. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणजे काय, ते इथे पाहावं.

मग फिलिप रेबोले या तरुणाला ‘निअर: ऑटोमाटा’ हा जपानी खेळ लिनक्सवर खेळायची इच्छा झाली. विंडोजच्या डायरेक्टएक्समधली चित्रांची भाषा व्हल्कन या दुसऱ्या चित्रभाषेत उल्था करून देणारं डीएक्सव्हीके त्याने लिहायला घेतलं. स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व कंपनीने त्याला बळ दिलं, वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, आणि वर्षानुवर्षं बंद असलेली दारं भराभर उघडली. २०२२ च्या फेब्रुवारीत स्टीम डेक नावाचं हातात धरायचं खेळयंत्र बाजारात आलं. आत लिनक्स, आणि खेळाच्या पडद्यावरून डेस्कटॉपवर गेलं की समोर केडीई.

आता मी स्टीमवर विंडोजचा एखादा खेळ सुरू करते तेव्हा आधी शेडर, म्हणजे चित्रं रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असल्याची पट्टी हळूहळू भरते. त्या मिनिटभरात मी चहा आणते. खेळ सुरू झाला की सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे एकेका चित्राला सोळा मिलिसेकंदांच्या आसपास. तेवढ्या अवधीत मागणी ऐकायची, तिचा उल्था करायचा, चित्र रंगवायचं. पत्र लिहिताना अक्षर अर्ध्या सेकंदाने उमटलं तर आपण चालवून घेतो. खेळात तेवढ्या वेळात आपण मेलेलो असतो. खेळाइतका कडक परीक्षक प्रणालीला दुसरा मिळत नाही. विंडोजचे खेळ एकाच वेळी अनेक गोष्टींची वाट पाहत थांबतात, आणि लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, ही लकब नीट जमत नव्हती. जानेवारी २०२२ च्या ५.१६ आवृत्तीत त्यासाठी खास सोय आली, मार्च २०२५ च्या ६.१४ मध्ये आणखी एक. हवामानाचे अंदाज काढणारे महासंगणक ज्या मूळ संहितेवर चालतात, तिच्यात आज कुणाच्या तरी रात्रीच्या डावासाठी लिहिलेल्या ओळी आहेत.

सगळं सुरळीत आहे असं नाही. माझा भाचा सुट्टीत येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, “मावशी, आमचा ग्रुप खेळतो तो गेम तुझ्याकडे चालेल?” चालत नाही. लबाडी पकडायला काही ऑनलाइन खेळ असा पहारेकरी बसवतात, जो विंडोजच्या पार कर्नलमध्ये शिरतो. वाइन मागण्या पुऱ्या करू शकतं, त्या पहारेकऱ्याला मात्र खरं विंडोजच लागतं. भिडू सगळे तिकडे आणि आपण एकटेच इकडे, हे पंधराव्या वर्षी सोपं नसतं. मी त्याला मुक्त सॉफ्टवेअरवर व्याख्यान देत नाही.

सर्व्हरवरचं लिनक्स मोठ्या कंपन्यांच्या पैशावर चालत राहील, त्याला माझी गरज नाही. पण डोलणारी विंडो आणि ऐंशी प्रकारचे पत्ते अशा कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. ते आहेत, कारण कुणाला तरी हवेसे वाटले आणि त्याला करू नकोस म्हणणारं कुणी नव्हतं. गरजेपुरत्या यंत्राशी आपलं नातंही गरजेपुरतं राहतं, काम झालं की झाकण बंद. काम संपल्यावरही ज्याच्यापुढे बसावंसं वाटतं, तेच आपलं म्हणायचं.

भाचा या सुट्टीत माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक्सएफसीई वापरत होता. दोन दिवसांत त्याने खालची पट्टी उचलून डाव्या कडेला उभी केली. मी म्हटलं, पट्टीची जागा खाली असते. तो म्हणाला, “तुझ्या वेळी असेल, मावशी.” माझी पट्टी मी खालीच ठेवली आहे, त्याची त्याने डावीकडे. वाद मिटलेला नाही, आणि दोघांनाही तो मिटवायची घाई नाही.