घार, गरुड आणि फांदी

घारीलाही बसू द्यावे, गरुडालाही बसू द्यावे, आणि त्यांतील जो दुसऱ्याला बसू देणार नाही त्याचा पंख मोडो, अशी एक प्रार्थनावजा म्हण नायजेरियाच्या पूर्व भागातील इग्बो लोकांत रूढ आहे. पाहुण्यापुढे कोलाफळ फोडताना ती यजमानाच्या मुखातून सहज निघते, मंडळी तिला होकार भरतात, आणि मग पावसापाण्याच्या गोष्टी सुरू होतात. पिढ्यानपिढ्यांच्या उच्चाराने इतकी गुळगुळीत झालेली ही म्हण. परंतु याच समाजातून आलेल्या चिनुआ अचेबे यांच्या कादंबऱ्या मिटून ठेवल्यावर त्यांतील हत्या, कारावास, निर्वासन ही सारी हळूहळू मागे पडतात, आणि ती फांदी कोणाच्या मालकीची होती, तिच्यावर किती पक्षी मावत होते, आणि पंख मोडण्याचे काम नेमके कोणाकडे सोपविलेले होते, हे प्रश्न तेवढे उरतात.

१९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’मध्ये ही प्रार्थना न्वाकिबिए नावाचा एक धनाढ्य गृहस्थ करतो. तीन मोठी कोठारे, नऊ बायका आणि तीस मुले असा त्याचा पसारा. आणि त्याच्यापुढे अदबीने बसलेला आहे तरुण ओकोन्क्वो, ज्याचा बाप बासरी वाजविण्यात आणि उधारी करण्यात आयुष्य घालवून मुलासाठी बियाण्याचा एक कंदही राखू शकला नव्हता. ओकोन्क्वो याम मागावयास आला आहे. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. इग्बो पुरुषाची पत, प्रतिष्ठा आणि पौरुष सारे त्यावर मोजले जाई. न्वाकिबिए उदार मनाने आठशे याम देतो. पण शर्त बटाईची आहे, आणि बटाईतही अर्धेली नव्हे: राबणाऱ्याच्या पदरी पिकाचा तिसरा हिस्सा पडावयाचा. म्हणजे घार आणि गरुड एकाच फांदीवर बसले हे खरे, तथापि कोण कोठे बसला आणि कोणाच्या मर्जीने बसला, याविषयी म्हण मौन पाळते. शिवाय ही प्रार्थना गरुडाच्याच तोंडी आहे. ती घारीने म्हटली असती तर तिचा अर्थ तोच राहिला असता काय, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. न्वाकिबिएच्या चांगुलपणाविषयी मात्र मला तिळमात्र शंका नाही, आणि अडचण आहे ती नेमकी तेथेच.

पुढे ओकोन्क्वोच्या हातून चुकून एका मुलाचा बळी जातो आणि त्याला सात वर्षे आजोळी, म्बांटा गावी, काढावी लागतात. तेथे पाद्री येतात आणि देवळासाठी जागा मागतात. ग्रामप्रमुख त्यांना जागा देतात, परंतु कोणती? महारोगाने वा देवीने मेलेल्यांची प्रेते जेथे टाकली जात आणि मेलेल्या मांत्रिकांच्या प्रभावी वस्तू जेथे फेकल्या जात, त्या अभद्र अरण्यातली. चार दिवसांत ही माणसे मरतील असा त्यांचा हिशेब होता. फार तर सात बाजार-आठवडे, म्हणजे चार दिवसांच्या आठवड्याच्या मानाने अठ्ठावीस दिवस, देव वाट पाहतील. पाहुण्यांना बसू दिले खरे, पण फांदी मोडेल या भरवशावर. मुदत उलटली, कोणी मेले नाही, आणि त्या दिवसापासून नव्या देवाची पत वाढू लागली. याला औदार्य म्हणावे की कपट? गावाने आपल्या म्हणीचा पूर्वार्ध अक्षरशः पाळला आणि उत्तरार्ध दैवावर सोपविला, इतकेच फार तर म्हणता येते.

या ठिकाणी कादंबरीतून उठून अचेबे यांच्या घराण्यातील एका वृद्धाकडे जाण्याचा मोह मला आवरत नाही. अचेबे १९३० साली ओगिडी येथे जन्मले. वडील इसाया हे ख्रिस्ती धर्मोपदेशक. लहानपणी पोरक्या झालेल्या या इसायांना ज्यांनी वाढविले ते आजोळचे वडीलधारे उडो ओसिन्यी गावातील मान्यवर पुरुष होते. पहिले पाद्री आले तेव्हा त्यांनी आपल्याच वाड्यात त्यांची सोय लावून दिली, आणि थोड्याच दिवसांत त्यांना निघून जाण्यास सांगितले. कारण धर्मशास्त्राचे नव्हते, राजकारणाचे तर नव्हतेच: त्या लोकांचे गाणे फार रडवे आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटेल की आपल्या घरी मर्तिक झाले, एवढीच त्यांची तक्रार. धर्माचा निवाडा चालीवरून करणारा हा पुरुष मला विलक्षण आवडतो. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली, तेव्हा त्यांनी अशाच कानांची दखल घेतली असावी असे वाटते. उडो ओसिन्यींना टाळमृदंगासह कोणी भेटला असता तर ते मंडळीला आणखी काही दिवस ठेवून घेते काय, कोण जाणे! पुढे त्यांनी वाढविलेला मुलगाच त्या रडव्या गाण्यांच्या मंडळीत सामील झाला, परंतु त्यापायी घर दुभंगले नाही. पाद्र्यांना त्यांनी वाड्याबाहेर घालविले, मुलाला घालविले नाही. कोणाचाही पंख मोडला नाही. कादंबऱ्यांतून मात्र हे गृहस्थ मला कोठे सापडत नाहीत. ते शोकांतिकेत बसत नाहीत, हे त्याचे कारण असेल; की शोकांतिका लिहावयाची तर अशा माणसाला दाराबाहेरच ठेवावे लागते?

अर्थात जुनी फांदी सर्वांना मोकळी होती असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. जुळी मुले अरण्यात टाकली जात. ओसू म्हणून देवाला वाहिलेल्यांची संतती वंशपरंपरेने बहिष्कृत राही, आणि म्बांटाच्या त्या देवळात अशांनाही जागा मिळाली. तीन वर्षे ओकोन्क्वोच्या घरी मुलासारखा वाढलेला इकेमेफुना देवाज्ञेने मारला गेला, आणि घाव घालणाऱ्यांत ओकोन्क्वोही होता. त्या मुलावर जीव असलेला ओकोन्क्वोचा मुलगा न्वोये पुढे बापाला सोडून पाद्र्यांकडे जातो, तेव्हा त्याला परक्यांनी पळविले असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

परंतु पाद्र्यामागोमाग इंग्रज सरकारची कचेरी आली. तिच्याबरोबर हुकूम आले, पट्टेवाले आले, तुरुंग आला. बहुतेक इग्बो गावांत राजा नसे; आपल्याला राजा नाही हे ते अभिमानाने सांगत. सरकारला मात्र बोलण्यास एक तोंड आणि वसुलास एक हात हवा होता, म्हणून त्याने सनदा देऊन मुखिये निर्माण केले. त्यांच्या जुलमाने आणि आपल्यावरही कर बसणार या धास्तीने १९२९ साली हजारो स्त्रिया उठल्या, आणि सरकारी गोळीबारात पन्नासांहून अधिक जणी ठार झाल्या. येथे पंख कोणी मोडले यात संदेह नाही. सनदेच्या फांदीवर बसावयास शेजारी लागत नाही.

असा निर्णय करून मी स्वस्थ बसलो असतो, पण १९६४ सालची ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’ बसू देत नाही. इझेउलू हा उमुआरोच्या सहा गावांचा पुजारी. त्याचा देव उलू हा अनादी नव्हे. गुलामांसाठी रात्री धाडी घालणाऱ्यांपासून रक्षण व्हावे म्हणून सहा गावांनी मिळून स्थापिलेला. नव्या चंद्रागणिक एक पवित्र याम खावयाचा, आणि ते संपत आले की नव्या पिकाचा उत्सव जाहीर करावयाचा, हे त्याचे काम. सरकार त्याला मुखियाची सनद देऊ करते, तो नाकारतो, आणि त्या अपराधास्तव अटकेत पडतो. दोन चंद्र उगवून जातात, दोन याम तसेच राहतात. परतल्यावर तो उत्सव जाहीर करीत नाही: दोन याम अजून खावयाचे आहेत, दोन महिने थांबा. कंद जमिनीत नासू लागतात. वडीलधारे विनवितात की ते याम आजच खाऊन टाक, पाप आमच्या माथी; तो ऐकत नाही. तेव्हा जवळचे ख्रिस्ती देऊळ जाहीर करते की आमच्या देवाला याम वाहा आणि निर्धास्त पीक काढा. लोक तिकडे वळतात. त्यांना कोणी बाटविले नाही. त्यांची मुले उपाशी होती.

फांदीवर इतरांना बसू न देणारा येथे कोण? तुरुंगात टाकणारा अंमलदार, आपल्याच लोकांवरील राग देवाच्या नावाने काढणारा पुजारी, की मोजणीत दोन चंद्रांचीही सवलत न ठेवणारा देव? देव लोकांनीच घडविला होता, तर त्याला वळविण्याचा अधिकार लोकांकडे उरला नव्हता काय? अचेबे इझेउलूचा मुलगा नेतात, त्याची बुद्धी नेतात, आणि उत्तर देत नाहीत.

म्हणून ज्या वाचकांच्या हाती या दोन्ही कादंबऱ्या अद्याप पडल्या नसतील त्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी प्रकाशनाचा क्रम मोडून ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’ आधी वाचावी. ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ आधी वाचली की आरोपी फार लवकर सापडतो.