जे टिकणार, त्यावर आधी खर्च

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत गेमिंग पीसीचं कोटेशन बनतं तेव्हा प्रोसेसर सगळ्यात वर असतो आणि कॅबिनेट आणि वीज पुरवणारा एसएमपीएस तळाला. बजेट ओलांडलं की काटछाटही तळापासूनच सुरू होते. इतकी वर्षं पीसी जोडताना मला नेमकं उलटं पटत गेलं आहे. जो भाग दोन वर्षांनी बदलायचाच आहे, तो आज जरा हलका चालेल. जो जागचा हलणार नाही, तो मात्र पहिल्याच दिवशी चांगला हवा.

पाच-सात वर्षं टिकणारे भाग तीन: मदरबोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट. त्यातही मदरबोर्डचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, पुढचे सगळे रस्ते ठरवतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर पहिले रायझन प्रोसेसर मार्च २०१७ मध्ये आले. त्याच सॉकेटसाठी एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला, आणि २०१७ च्या कित्येक बी३५० बोर्डांवर तो नुसत्या बायॉस अपडेटनं चालू लागला. म्हणजे बोर्ड तोच, रॅम तीच आणि गेमिंगचा वेग मात्र पुढच्या पिढीचा. २०१७ मध्येच इंटेलची आठवी पिढी आली. सॉकेटच्या पिना आधीच्याइतक्याच, ११५१. तरीही आधीच्या बोर्डांवर ती चालत नव्हती. दोन गिऱ्हाइकांनी एकाच वर्षी सारखेच पैसे मोजले असले, तरी पाच वर्षांनी एकाकडे वाट होती आणि दुसऱ्याला बोर्डही बदलावा लागत होता.

म्हणून आज कुणी विचारलं, की मी एएम५ चा बी६५० बोर्ड आणि रायझन ५ ७६०० सुचवतो. हे सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि निदान २०२७ पर्यंत ते चालू ठेवू, असं एएमडीनं सांगितलं आहे. या प्रोसेसरमध्ये छोटं ग्राफिक्सही आहे. त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचे पैसे साठेपर्यंत पीसी बंद राहत नाही, मुलांचा अभ्यास आणि हलके गेम चालू राहतात.

एसएमपीएसच्या बाबतीत मी हट्टी आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॅटवर जाऊ नका. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या पुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते बघा आणि त्याला १२ नं गुणा. ५४ अँपिअर असतील तर ६४८ वॅट, म्हणजे ६५० चा दावा खरा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज याच १२ व्होल्टमधून घेतात. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. आतल्या संरक्षणाची हमी तो देत नाही. ती वॉरंटीवरून ताडावी, चांगल्या एसएमपीएसवर पाच ते दहा वर्षांची असते. आजचं कार्ड दीडशे वॅट खात असेल, पण उद्याचं अडीचशे खाईल. तेव्हा ही एक वस्तू आधीच दमदार असली, तर नुसतं कार्ड बदलून काम भागतं.

रॅम घेताना सगळे स्लॉट भरण्याची घाई नको. डीडीआर५ च्या चार स्टिक लावल्या की वेग बहुतेक वेळा उतरतो. त्यामुळे आठ-आठ जीबीच्या दोन घेऊन पुढे आणखी दोन लावण्याचा बेत फसतो. हात आखडता असेल तर सोळाची एक घ्या. थोडे दिवस वेग कमी मिळेल. मग त्याच मॉडेलची दुसरी आणा, आणि जोडी बहुधा नीट जुळेल.

ग्राफिक्स कार्ड मॉनिटर बघून निवडायचं. फुल एचडी मॉनिटरवर व्हॅलोरंट खेळणाऱ्याला महागड्या कार्डाचा फारसा उपयोग नाही, तिथे प्रोसेसर आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर जास्त कामाचा. मोठे, दृश्यबंबाळ गेम खेळायचे असतील तर मात्र कार्डाची स्वतःची मेमरी किती आहे ते पाहावं. ८ जीबी आता नव्या गेममध्ये तोकडी पडू लागली आहे. कार्ड मिलिमीटरमध्ये किती लांब आहे आणि कॅबिनेटमध्ये किती मावतं, हे दोन आकडेही शेजारी ठेवून बघावेत.

हे सगळं मी इतक्या आग्रहानं सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत हा पीसी एकाच्या हौसेचा नसतो. वडिलांचा बोनस, आजीनं दिलेले पैसे, सुट्टीतल्या नोकरीची कमाई असं मिळून तो येतो. त्या पैशांचा मान राखायचा तर यंत्र वाढत राहिलं पाहिजे. तेव्हा मुलांनो, पहिल्या दिवशी काही फ्रेम कमी मिळाल्या तरी चालतील. रंगीत दिव्यांचे पंखे पुढच्या वर्षी घ्या. बोर्ड आणि एसएमपीएस मात्र आजच चांगले घ्या.