श्वासाचा पुरावा

डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली संध्याकाळी फिरावयास येणारी जी वृद्ध मंडळी आहेत, त्यांत आमचे एक शेजारी पूर्वी नेहमी सर्वांच्या पुढे चालत. आता ते सर्वांच्या मागे असतात. चाळीस पावले चालले की थांबतात, समुद्राकडे पाहत उभे राहतात, आणि आपण थकलो नसून केवळ शोभा पाहत आहो असा आव आणतात. आळीतील मुले त्यांस ‘नेव्हीकाका’ म्हणतात. आम्हीही येथे त्यांचा उल्लेख त्याच नावाने करू, कारण त्यांचे खरे नाव छापून त्यांच्या दाव्यास उपकार होण्याऐवजी अपकार होण्याचा संभव अधिक.

आमचा या प्रकरणाशी संबंध आला तो केवळ आमचे अक्षर बरे आणि इंग्रजी कामचलाऊ म्हणून. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी सकाळीच ते एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या ओटीवर आले व म्हणाले, “मास्तर, एवढे कागद लावून द्या.” पेटीत सेवापुस्तिकेच्या प्रती, क्षयाच्या औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या, क्ष-किरणांच्या काळ्या फिती आणि एका कार्यालयाचे एका परिच्छेदाचे उत्तर होते. त्या उत्तराचा मथितार्थ असा की, आपला विकार सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेने वाढलेलाही नाही. सैनिकी पेन्शनच्या जगात हे वाक्य इतके रूढ आहे की त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा एक शब्दच होऊन बसला आहे. ज्याच्या वाट्यास तो येतो त्यास मात्र तो शिवीसारखा लागतो.

नेव्हीकाका मांगेल्यांच्या घरचे. वडील होडीवर जात, आणि मुलानेही पाण्यावरच जावे पण पगार महिन्याच्या महिन्यास मिळावा, एवढीच त्यांची इच्छा. १९६८ साली काका आरमारात भरती झाले आणि पंधरा वर्षांपैकी बहुतेक काळ त्यांनी जहाजाच्या पोटात, बॉयलरच्या खोलीत काढला. समुद्रावर राहूनही समुद्र क्वचितच दिसे, असे ते हसत सांगतात. जहाज वाफेवर चालणारे. वाफेच्या नळ्यांची उष्णता बाहेर फुकट जाऊ नये व माणसाचा हात भाजू नये म्हणून त्यांवर पांढऱ्या, जाडसर लगद्याचे आवरण चढविलेले असे. ते आवरण ॲस्बेस्टॉसचे. त्या काळी बांधलेल्या वाफेच्या युद्धनौकांत, मग त्या कोणत्याही राष्ट्राच्या असोत, हाच प्रघात होता. नळी गळू लागली की आवरण फोडावयाचे, दुरुस्ती करावयाची व नवा लगदा बादलीत कालवून हाताने थापावयाचा. फोडताना जी धूळ उडे ती केसांवर, भुवयांवर, जेवणाच्या थाळीवर बसे. वरच्या नळीस तोफांचा हादरा बसला की खालच्या बिछान्यावर पिठासारखा पांढरा थर जमे, तो चादर झटकून ते निजत. काशीस जाऊन आलेल्या एका सोबत्याने त्या धुळीला भस्म म्हटले होते, तेव्हापासून ती त्या खोलीत भस्म म्हणूनच ओळखली जाई.

या भस्माचा गुण असा की ते त्या दिवशी काहीच करीत नाही. त्याचे तंतू डोळ्यांस न दिसणारे. श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात, तेथे रुततात, आणि शरीर त्यांस जिरवू शकत नाही व बाहेरही टाकू शकत नाही. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी फुफ्फुस चामड्यासारखे ताठर होऊ लागते, किंवा त्याच्या वेष्टनाचा कर्करोग होतो. ही गोष्ट अगदी अलीकडे कळली असेही नाही. इंग्लंडातील रॉचडेल गावी कारखान्यात काम करणारी नेली कर्शॉ १९२४ साली मरण पावली व तिच्या फुफ्फुसांची तपासणी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. १९३० साली ब्रिटिश सरकारच्याच आरोग्यनिरीक्षकाने धूळ व रोग यांचा संबंध अहवालात मांडला, आणि १९३१ साली तेथे कारखान्यांसाठी नियम झाले. म्हणजे काकांच्या जन्माच्याही आधी कागदावर सर्व काही होते. ते कागद बॉयलरच्या खोलीपर्यंत उतरले नाहीत, एवढेच.

१९८३ साली काका निवृत्त झाले, व नंतर एका बँकेच्या दारावर पहारेकरी म्हणून बसले. दम लागू लागला तो २०१२ च्या सुमारास. प्रथम वय म्हणून दुर्लक्ष झाले. पुढे क्षय ठरला व सहा महिने औषधे चालली. क्षय नव्हताच, त्यामुळे तो बराही झाला नाही. शेवटी मुंबईस एका तरुण डॉक्टराने फुफ्फुसाच्या वेष्टनावरील चुन्यासारखे डाग पाहून त्यांस विचारले, “आजोबा, तुम्ही पूर्वी काम काय करीत होता?” इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला वैद्य. आम्हांस त्या न पाहिलेल्या तरुणाविषयी फार आदर वाटतो.

त्यानंतर अर्ज झाला, तपासणी झाली. तपासणारांनी काकांस तंबाखूविषयी विचारले, आणि राहता कोठे हे विचारले. डहाणू म्हणताच ते म्हणाले, तेथे कोळशाचे वीजकेंद्र आहे ना? आता या प्रश्नास हसावे की रडावे, हे डहाणूकरच जाणे. १९९१ साली केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली खास प्राधिकरण बसले. चिमणीतील गंधकाचा धूर धुऊन काढणारी यंत्रणा बसविण्यासाठी येथील बागाइतदारांनी व नागरिकांनी वर्षानुवर्षे झगडा केला. चिकूच्या मोहोराला राखेपासून जपण्यासाठी आम्ही जो पुरावा गोळा केला, तोच आमच्या शेजाऱ्याच्या छातीविरुद्ध उभा राहावा, हा दैवाचा विनोद नव्हे तर काय? वस्तुतः कोळशाची राख तसले डाग पाडीत नाही. ते ॲस्बेस्टॉसचीच खूण मानले जातात. परंतु ही गोष्ट सांगावयास त्या खोलीत काकांच्या बाजूने कोणी नव्हते.

कायदा सैनिकाच्या अगदीच विरुद्ध आहे असे मात्र वाचकांनी समजू नये. आम्हीही तसेच समजत होतो. वाचल्यावर समज पालटला. विकार सेवेमुळे झालेला वा वाढलेला असावा आणि तो निदान वीस टक्के असावा, ही मूळ अट. १९८२ सालच्या नियमांप्रमाणे भरतीच्या वेळी नोंद नसलेला रोग पुढे जडून सैनिकास घरी पाठविले, तर तो सेवेतच जडला असे सामान्यतः धरावयाचे असते. सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर नसतो, आणि संशयाचा फायदा त्यास मिळतो. धरमवीर सिंग या सिग्नल दलातील सैनिकास अपस्माराच्या कारणाने घरी पाठविले व पेन्शन नाकारले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी हेच नियम सरकारपुढे ठेवले व त्यास पेन्शन देवविले. दाद मागण्यास सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे एक पीठ मुंबईस आहे. २०२३ साली नवे नियम आले, ते त्या वर्षीच्या २१ सप्टेंबरपासून लागू आहेत.

अडचण दुसरीकडेच आहे. हा सारा उदारपणा ज्यास आजारी म्हणून सेवेतून काढले त्याच्यासाठी. जो धडधाकट बाहेर पडला व पुढे आजारी झाला, त्याच्यासाठी स्वतंत्र कलम आहे: सेवेतील परिस्थितीने सुरू झालेल्या विकाराचे ते उशिरा प्रकट झालेले रूप आहे, असे वैद्यकाने सिद्ध करावे, आणि ते निवृत्तीनंतर ठराविक वर्षांच्या आत प्रकट व्हावे. तंतूला वीस ते चाळीस वर्षे लागतात. नियम तितका वेळ थांबत नाही. रोगाने घाई करावयास हवी होती! उलट १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांविषयी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे, अथवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत जपून ठेवावयास सांगितले आहे. तेथे रोगाच्या गतीने घड्याळ लाविले, येथे कचेरीच्या गतीने.

विष आणि नोंदवही यांचे हे वैर जुने आहे. १९३० नंतरच्या दहा-बारा वर्षांत रावळपिंडी येथे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शेकडो हिंदी शिपायांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. कित्येकांची कातडी भाजली, काहींना इस्पितळात ठेवावे लागले. पुढे त्यांचे काय झाले हे कोणी पाहिले नाही. ब्रिटनच्या दप्तरखान्यातील ते कागद २००७ साली वर्तमानपत्रांत आले, तेव्हा पेन्शन मागावयास कोण उरले होते? डिसेंबर १९४३ मध्ये इटलीत मराठा पलटण सांग्रो नदीवर लढत असता, मागे बारी बंदरात जर्मन विमानांनी एक अमेरिकी जहाज बुडविले. त्यात मस्टर्ड वायूचे सुमारे दोन हजार बॉम्ब होते. तेल माखलेल्या पाण्यातून पोहून निघालेले खलाशी इस्पितळात आंधळे होऊन पडले, ऐंशीहून अधिक मेले, आणि ब्रिटिश कागदांवर ‘शत्रूच्या कारवाईने भाजणे’ एवढेच लिहावयाचा हुकूम झाला. त्या शब्दांमुळे जगलेल्यांना पेन्शनसाठी सुमारे चाळीस वर्षे थांबावे लागले. ब्रिटनमध्ये तर १९८७ पर्यंत सैनिकास सरकारवर दावाच लावता येत नसे. आवरणाच्या कर्करोगाने ग्रस्त झालेल्या निवृत्त सैनिकांस एकरकमी १,४०,००० पौंड घेण्याची मुभा २०१६ साली मिळाली. अमेरिकेने २०२२ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून ठरविले की, अमुक ठिकाणी नोकरी व अमुक रोग एवढे दाखविले की संबंध गृहीत धरावा. ‘गृहीत धरावा’ हे दोन शब्द मिळविण्यास तेथेही पिढ्या खर्ची पडल्या.

असो. आमच्या काकांच्या बाबतीत प्रश्न असा उरला की, नळ्यांवर काय होते हे दाखवावे कसे? जहाज भंगारात जाऊन कित्येक वर्षे झाली. दुरुस्तीच्या नोंदवह्या मुदत संपल्याने नष्ट केल्याचे कळले. राहिली माणसे. बॉयलरच्या खोलीतील सोबत्यांपैकी ज्यांचा पत्ता लागला ते स्वर्गवासी निघाले. मग काकांस आठवले की, एकदा जहाज गोदीत असता आवरण सोलण्यासाठी ठेकेदाराने जी माणसे आणिली होती, त्यांत एक तळासरीकडचा वारली पोरगा होता. ‘आपल्याकडचा’ म्हणून काका त्याला आपल्या थाळीतील भात देत.

त्यास शोधण्यास चार महिने लागले. गेल्या फाल्गुनात आम्ही दोघे एस. टी. ने चारोटीस व तेथून महामार्गाने महालक्ष्मीच्या डोंगरावरून तळासरीस गेलो; पुढे पाड्यापर्यंत दीड मैल पायी. काका सात वेळा थांबले. घर कुडाचे, वर सिमेंटचे पत्रे. ते पत्रेही ॲस्बेस्टॉसचेच. अखंड असता ते फारसे बाधत नाहीत, असे आम्ही वाचले होते; पण त्या क्षणी वर पाहवेना. म्हातारा खाटेवर बसलेला. ओळख पटावयास वेळ लागला नाही, कारण आम्ही बोलण्यापूर्वीच दोघेही खोकले, आणि दोघांनीही चमकून एकमेकांकडे पाहिले. खोकला कोरडा, आखूड, कोंडलेला. एकाच विहिरीचे पाणी दोन घरी भरल्यासारखा.

त्याला सर्व आठवत होते. पटाशीने आवरण सोलावयाचे, गोणपाटात भरावयाचे, तोंडास फडके बांधले तर मुकादम हसे. दोन हंगाम त्याने ते केले. हजेरीचा कागद नाही, ठेकेदाराचे नाव फक्त ‘शेठ’. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने या रोगास भरपाई सांगितली होती, हे आम्ही त्यास सांगितले आणि सांगितल्यावर ओशाळलो. कारण भरपाई कोणाकडून, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. नेव्हीकाकांना निदान ‘नाही’ असे लिहून देणारे कार्यालय आहे. या माणसास नाही म्हणावयासही कोणी नाही.

त्याने साक्ष देण्याचे तात्काळ कबूल केले. दोन दिवसांनी तळासरीस येऊन त्याने प्रतिज्ञापत्रावर अंगठा केला. मजकूर आम्ही लिहिला होता, तो त्यास वाचून दाखविला. ऐकून तो म्हणाला, “हे समदं यांचं झालं. माझं कुठं लिवलं?” तेव्हा आम्ही शेवटी एक ओळ वाढविली की, साक्षीदारासही तेथे काम केल्यावर पुढे असाच दम लागत आहे.

वकीलसाहेबांचे म्हणणे, ती ओळ काढावी. दाव्याशी तिचा संबंध नाही, शिवाय तोही लाभार्थी व्हावयास पाहतो असा समोरच्यास संशय येईल. वकील सज्जन आहेत, आमच्याकडून पैसेही घेत नाहीत, व कायद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबरच असावे. आम्ही काकांस विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बोलण्यासाठी त्यांस आता श्वास जमवावा लागतो. मग म्हणाले, “राहू द्या मास्तर. तेवढ्या ओळीने माझे गेले तर गेले.”

ओळ तशीच आहे. पुढील महिन्यात मुंबईस तारीख आहे. पहाटेच्या गाडीने निघावे लागेल. फलाटाच्या जिन्याची काकांस भीती वाटते, म्हणून एक तास आधी पोहोचावयाचे ठरले आहे.